आधी हाताला काम, मग जमिनीची गोष्ट

ग्रामदान म्हटले की पारावर पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे आमचा सातबारा गेला का?" प्रश्न चुकीचा नाही. सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर, पोरीचे लग्न सातबाऱ्यावर आणि भावकीतली कोर्टकचेरीही त्याच्याच पायी. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने २०१३ साली शेतजमीन ग्रामसभेच्या मालकीची करण्याचा ठराव केला, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोट घातले.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू, कारण त्यावर गैरसमजच फार. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ सालचा. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते. विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा. उरलेली जमीन ज्याची तोच कसतो, त्याच्यामागे त्याची मुले कसतात. जाते ते एवढेच : बाहेरच्याला परस्पर विकण्याची मुभा. नांगर जात नाही, सौदा जातो.

मग इतकी ग्रामदाने झाली त्यांचे पुढे काय झाले? १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू झाले, १९५२ साली उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने पहिले ग्रामदान केले. आपल्याकडे अक्राणी महालातल्या गावांची नावे त्या काळी घेतली जात. त्यातली पुष्कळ ग्रामदाने कागदावरच राहिली. कार्यकर्ते थकले, सरकारने लक्ष दिले नाही, अशी कारणे सांगतात. तीही खरीच असतील. आमच्या मते मोठे कारण वेगळे आहे. मालकी गावाची झाली, पण दिवाळीनंतर हाताला काम कुठले? कोरडवाहू दोन एकर माझी म्हटली काय आणि गावाची म्हटली काय, पिकणार तेवढेच. पोट भरत नसेल तर माणूस मुकादमाची उचल घेणारच.

मेंढ्याने हा क्रम उलटा लावला. जमिनीचा विषय निघण्याच्या कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा भरत होती. बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीला. (आपल्याकडे कोरम भरायला शिपाई घरोघरी हिंडतो, ते सोडा.) २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात मोजलेला, वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपज. या घोळात वाहतूक परवाना अडकला. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

तिथून खरा फरक पडला. कुठला बांबू तोडायचा, कुठला राखायचा, मजुरी किती, विक्री कोणाला, हे ग्रामसभाच ठरवू लागली. ठेकेदार गेला. ग्रामसभेने पॅन क्रमांक काढला, हिशेब ठेवले. रानातली तोड, राखण, मोजणी, सगळे काम गावातच. ज्याला गावात काम आहे आणि ज्याने सामायिक पैशाचा हिशेब डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला जमीन गावाच्या नावे करायला भीती कमी वाटते. २०१३ चा ठराव असा झाला. नुसत्या भाषणाने तो झाला नसता.

एक अडचण मात्र लपवून चालणार नाही. पीककर्जाला बँक सातबारा मागते. मालक ग्रामसभा असेल तर तारण कोणाचे? सर्वांच्या वतीने ग्रामसभेने हमी द्यावी आणि बँकेने ती मानावी, हा रास्त मार्ग. पण शाखाधिकाऱ्याला वरून लेखी आदेश नसेल तर तो कशाला सही करील? हा प्रश्न सुटल्याशिवाय इतर गावांना ग्रामदानाचा आग्रह धरणे बरे नव्हे.

"त्यांना जंगल आहे, आम्हाला काय?" असे आपले लोक म्हणतील. पण गायरान आहे ना? पाझर तलाव, ओढ्याकाठची पड, गावठाणाबाहेरची झाडे? रोजगार हमीचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली झाला. तेव्हा गावच्या हाताला गावात काम ही कल्पना आपल्याला परकी नाही. अडते ते दुसरीकडे. गायरानाचा अर्धा तुकडा कोणाच्या तरी ताब्यात असतो आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाची नोंद तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये होते. येत्या ग्रामसभेत सरपंचांनी तलाठी भाऊसाहेबांना तेवढे दप्तर घेऊन बोलवावे आणि नावे मोठ्याने वाचायला सांगावीत.