तेलाला शिव्या, मेयोनेजला ओव्या

शनिवारी सकाळी नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या फार्महाउसांत मुंबईहून जे सामान उतरतं, त्यात हल्ली एक काळं, गोलमटोल यंत्र असतंच. एअर फ्रायर. त्याच्या जोडीला बर्फाच्या पेटीत पोर्क चॉप, आणि चॉपच्या जोडीला प्रवचन : आम्ही तळलेलं खात नाही. नका खाऊ! कुणी आग्रह केलाय? पण ते चॉप पावाच्या चुऱ्यात घोळवून, यंत्रात कोंबून, वीस मिनिटांनी जे बाहेर काढता, त्याला कुरकुरीत म्हणू नका. वरचा चुरा भुश्शासारखा पांढराफटक, खालची बाजू ओली आणि जाळीला चिकटून सोललेली, आतलं मांस इतकं आटलेलं की सुरी अडावी. ते घशाखाली उतरत नाही, म्हणून शेजारी वाटीभर मेयोनेज. मेयोनेज म्हणजे काय? दोन तृतीयांशाहून जास्त निव्वळ तेल, अंड्याच्या बलकात घुसळलेलं. तव्यावरच्या चार चमचे तेलाला नावं ठेवायची आणि तेच तेल थंडगार करून बोटानं चाटायचं! या आहारशास्त्राला काही बूड?

बरं, त्या यंत्राचा दरारा कशाचा? फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते मांडलं. आत एक तापलेली कॉइल, वर एक पंखा. छोटी भट्टी आणि वारा, एवढाच कारभार. भट्टी वाईट नाही, वाराही वाईट नाही. वाईट आहे तो हा समज, की बटण दाबलं की स्वयंपाक आला.

पावाचा चुरा लावलेल्या चॉपला कढईभर तेल मुळात कधीच लागत नव्हतं. मिलानचा कोतोलेत्ता आजही पसरट तव्यावर लोण्यात परततात. चॉपला भरपूर तेलात बुडवण्याचा उद्योग लोकप्रिय केला जपान्यांनी : टोकियोच्या गिंझा भागातल्या रेंगातेई या खानावळीनं १८९९ च्या सुमारास डुकराचं कटलेट तेंपुरासारखं तळायला घेतलं. उत्तम लागतं, वादच नाही. पण ते नंतरचं. म्हणजे ‘न तळता चॉप’ हा आपला शोध असल्यासारखं जे मिरवतात, ते जुन्या गोष्टीचंच बारसं करताहेत. आणि मिलान तरी कशाला हवं? वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत बटाट्याच्या पारीत खिमा भरून, अंडं आणि पावाचा चुरा लावून, थोड्याशा तेलात तव्यावर चॉप होतात. त्यांना कोणी आरोग्यदूत म्हणून हार घातले नाहीत.

आता असली मुद्दा. कुरकुरीतपणाचा शत्रू पाणी आहे. चॉपचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. तो तांबूस रंग, तो खमंग वास १४० अंशांच्या पुढे जोर धरतो. माइयार नावाच्या फ्रेंच रसायनज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली, पण अलिबाग-उरणकडच्या बायकांना तिचा व्यवहार त्याच्या नावाविना पाठ आहे. ओला बोंबील चिरून, पाटाखाली दाबून, वर वजन ठेवून त्याचं पाणी काढल्याशिवाय त्या तो तव्याजवळ नेत नाहीत. मग पीठ, मग रवा, मग थोडं तेल. बोंबलासारखा पाणीदार मासा जर तव्यावर खरपूस होतो, तर चॉपनं काय घोडं मारलंय?

तेव्हा हे असं करा. चॉप पाऊण इंच जाड, हाडासकट. कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी आडवी चीर द्या, नाहीतर तापल्यावर तो वाकतो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, थोडं व्हिनेगर लावून तासभर ठेवा. मग पुसा. कोरड्या फडक्यानं, दोन्ही बाजूंनी, हाडाच्या खोबणीतसुद्धा. मसाला वाया जातो म्हणून हळहळणाऱ्यांनी कालवण करावं. हा पदार्थ त्यांचा नव्हे.

पुसल्यावर तांदळाचं पीठ. मैदा नको. तांदळात ग्लूटेन नाही, त्यामुळे थर पातळ आणि कोरडा राहतो, चिवट होत नाही, तेलही कमी धरतो. आणि तुम्ही बसलाय कुठे? कर्जतला! इथे भाताचं संशोधन केंद्र आहे, ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे वाण या मातीतून राज्यभर गेले, आणि तुम्ही मुंबईच्या मॉलमधून पांको नावाचं जपानी पाकीट घेऊन येता? पांको चांगला असतो. बिनकवचाच्या पावाचा, पिठातून विजेचा प्रवाह सोडून भाजलेल्या. पण परवाची लादी उन्हात कडक वाळवून मिक्सरमध्ये जाडसर फिरवली तर चॉपचं काहीही अडत नाही. जाडसर म्हणजे जाडसर. वस्त्रगाळ केलात तर थर घट्ट बसतो आणि आतली वाफ त्याला भिजवून टाकते.

यानंतरची पायरी सगळे गाळतात, आणि सगळं तिथेच फसतं. चुरा चॉपला लावण्याआधी भाजून घ्यायचा. बिडाचा तवा, दोन चमचे तेल, मंद आच, हात सतत चालू. आधी काहीच होत नाही, मग कडेचे कण पिवळे होतात, मग पाव भाजल्याचा वास येतो आणि अर्ध्या मिनिटात सगळा चुरा बदामी. लगेच ताटात काढा, तवा गरमच असतो, क्षणात करपतो. हे का करायचं? कारण भट्टीत चुऱ्याला रंग चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मांस वाळून जातं. रंग आधीच आला की भट्टीला फक्त मांस शिजवायचं काम उरतं. पावसाळ्यात तर हे अनिवार्य. जुलैत इथली हवा इतकी दमट की उघडा ठेवलेला चुरा तासाभरात मऊ पडतो.

मग पीठ, फेटलेलं अंडं, भाजलेला चुरा, तळव्यानं दाबून. पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, थर धरू द्या. नंतर २२० अंशांच्या भट्टीत, उंच जाळीवर ठेवून, म्हणजे खालून वाफ निसटते. भट्टी नसेल तर तवा : तीन-चार चमचे तेल, मध्यम आच, दर बाजूला चार-पाच मिनिटं, आणि मग मात्र चुरा न भाजता लावा, कारण तव्यावर तो स्वतःच भाजतो. झाकण ठेवाल तर सगळ्या मेहनतीवर पाणी, शब्दशः. काढल्यावरही जाळीवरच. टिश्यू पेपरवर पसरवलेला चॉप दोन मिनिटांत खालून ओलसर होतो.

किती शिजवायचं? अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये सलग तुकड्यांसाठी आत ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा, असं ठरवलं. आपल्याकडे मात्र जंताच्या धास्तीनं चॉपचा कोळसा करतात. मेंदूतल्या गाठींचा आजार होतो तो जंताची अंडी पोटात गेल्यानं, म्हणजे बहुधा घाणेरड्या पाण्यावरच्या न धुतलेल्या पाल्यातून. आणि ही मंडळी चॉप जाळून शेजारी कच्चं सॅलड खातात! मांस खात्रीच्या दुकानातून घ्या, भाजी धुवा. आणि ‘रानातल्या डुकराची सोय होईल का’ असं डोळे मिचकावत केअरटेकरला विचारू नका. रानडुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तुम्ही रविवारी निघून जाल, चौकीत बसेल तो.

राहिलं तेल. तेलाचा खरा दोष ते पुन्हापुन्हा तापवण्यात आहे. त्यासाठीच अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून असं तापवल्यानं तेलात साठणाऱ्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. ताज्या, नीट तापलेल्या तेलात पदार्थातून वाफ जोरात बाहेर पडते आणि तेलाला आत शिरू देत नाही. बरंचसं तेल शोषलं जातं ते बाहेर काढून गार होताना. त्यामुळे तेल कमी खायचं असेल तर आच नीट ठेवा, पदार्थ लगेच निथळा.

आणि कृपा करून तो बटाटेवडा त्या यंत्रात टाकू नका. चुऱ्याचा थर कोरडा असतो, म्हणून चॉपचं थोड्या तेलात भागतं. बेसनाचं ओलं पीठ गरम तेलात पडताक्षणी आळतं. पंख्याच्या वाऱ्यात ते ओघळतं आणि जाळीतून खाली टपकतं. घाट चढायला गाडीला मागची इंजिनं जोडेपर्यंत कर्जतच्या फलाटावर दिवाडकरांचा वडा हातात येतो. तो तेलातला आहे. खायचा असेल तर तसाच खा, नसेल तर खिडकी सोडा, मागे माणसं उभी आहेत.