इसार देण्यापूर्वीं मोटारीची परीक्षा

ज्या राजूर गांवीं डांगी जनावरांचें प्रदर्शन भरतें, त्या गांवच्या शेतकऱ्यास खरेदी कशी करावी हें दुसऱ्यानें शिकविण्याची वास्तविक गरज नाहीं. बैल विकत घेतांना तो नुसत्या रंगावर किंवा शिंगांच्या घडणीवर भाळत नाहीं. दांत पाहून वय ठरवितो, खूर तपासतो, पाठीवरून हात फिरवून कातडीचा तेलकटपणा अजमावतो. कारण मुसळधार पावसांत चिखलणीस उभें राहावयाचें तें याच कातडीच्या बळावर. नंतर बैल चालवून पाहतो, आणि जमल्यास मानेवर जूं ठेवूनहि पाहतो. हें सर्व झाल्यावर रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरतो व अखेरीस इसार हातावर पडतो. हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असून तो शहाणपणाचा आहे. परंतु तोच शेतकरी अर्ध्या कोटीच्या घरांतील मोटार घ्यावयास शहरांत गेला म्हणजे हा क्रम पुष्कळदां उलटा होतो. इसार आधीं आणि परीक्षा मागाहून! या उलट्या क्रमाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मोटारीसारख्या विषयास शेतकीच्या मासिकांत जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, ही खरेदी आतां शहरापुरती राहिलेली नाहीं. मर्सिडीजची जीएलए, बीएमडब्ल्यूची एक्स-वन, ऑडीची क्यू-थ्री अशा आखूड बांध्याच्या पण उंची डौलाच्या एसयूव्ही गाड्यांचा विचार सधन बागाइतदाराच्या घरींहि होऊं लागला आहे. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथें आहे, व ऑडीची जुळणी छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें होते. राजूरवरून जाणारा कोल्हार–घोटी रस्ता घोटीस उतरतो आणि तेथून जवळच, इगतपुरीपाशीं, समृद्धि महामार्ग लागतो. तो ५ जून २०२५ रोजीं ठाणें जिल्ह्यांतील आमणे गांवापर्यंत पुरा खुला झाला. अशा रस्त्यासाठीं वेगवान् व सुरक्षित गाडी असावी, ही इच्छा मुळींच गैर नाहीं. ज्यानें घाम गाळून पैसा मिळविला, त्यानें तो कसा खर्चावा हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र टोमॅटो, कांदा किंवा डाळिंब यांच्या एखाद्या चांगल्या हंगामाचा, अथवा संपादित जमिनीच्या मोबदल्याचा पैसा वारंवार हातीं येत नाहीं. एकदांच आलेल्या पैशाची खरेदी एकदांच पण नीट झाली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

विक्रेत्याच्या दालनांतून जी चांचणी मिळते तिचें स्वरूप पाहा. शहरांतला रुंद व गुळगुळीत रस्ता, दहा-पंधरा मिनिटांचा फेरा, शेजारीं गोड बोलणारा विक्रेता, आंत गारवा आणि संगीत. गाडींत माणसें दोन, फार तर तीन. अशा रस्त्यावर अशा ओझ्यानें कोणती गाडी वाईट चालेल? बैलाला रिकाम्या मैदानांत दहा पावलें चालविलें तर तो लंगडत नाहीं एवढेंच कळतें. तो नांगर ओढील कीं नाहीं तें कळत नाहीं. विक्रेता येथें फसवितो असें आम्ही म्हणत नाहीं. तो आपला माल त्याच्या उत्तम जागीं उभा करून दाखवितो, आणि हा त्याचा धर्मच आहे. आपला माल कोठें उभा राहणार आहे हें पाहणें, हा घेणाऱ्याचा धर्म आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. एवढ्या मोठ्या कंपनीनें गाडी शेंकडों वेळां तपासलेली असते. सरकारी कसोट्याहि झालेल्या असतात. मग शेतकऱ्यानें ती पुन्हां काय तपासावी? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था गाड्यांची कसून परीक्षा करते. धडकेंत गाडी कितपत टिकते हें ताऱ्यांनीं सांगणारी भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. आपल्या अहिल्यानगरांतच वाहन संशोधन व विकास संस्था आहे; सैन्याचीं वाहनें तेथें चढ-उतारांवरून व खडबडीत मार्गांवरून चालवून पाहिलीं जातात. या सर्व कसोट्यांना मोल आहे, आणि गाडी घेणाऱ्यानें तारे किती मिळाले हें अवश्य विचारावें. परंतु इंधनाचा जो आंकडा जाहिरातींत छापतात, तो प्रयोगशाळेंत रुळांवर चाकें फिरवून, ठराविक वेगक्रमानें काढलेला असतो. त्या रुळांना घाट नसतो, चिखल नसतो व डब्यांत पांच माणसें नसतात. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरहि उगवणशक्तीचा आंकडा छापलेला असतो. तरी जाणता भात-उत्पादक तें बीं तीन टक्के मिठाच्या पाण्यांत टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतोच. तो बीज-प्रमाणीकरणावर अविश्वास दाखवीत नाहीं. आपल्या वाफ्याची काळजी घेतो. त्याचप्रमाणें, गाडी चांगली आहे कीं नाहीं हें तज्ज्ञ ठरवितात. ती आपल्या कामाची आहे कीं नाहीं हें आपणच ठरवावयाचें असतें.

तर मग खरी परीक्षा कशी घ्यावी? पहिली गोष्ट, गाडी आपल्या ओझ्यानें चालवावी. घरांतील पांच माणसें बसवावीं, त्यांत वृद्ध आई-वडील असावेत. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसास आंत चढतां-उतरतां येतें कीं नाहीं, मागच्या आसनावर तिसरा माणूस मांडी आंखडून किती वेळ बसूं शकतो, हें कागदावरील मापांवरून कळत नाहीं. घरच्या स्त्रियांचें मत तर आवर्जून घ्यावें. कारण पाहुण्यांकडे, दवाखान्यांत आणि बाजारांत गाडीचा उपयोग त्यांनाच अधिक पडतो. पांच माणसें व सामान भरल्यावर गाडी किती खालीं बसते हेंहि पाहावें. तळ आणि जमीन यांतील अंतर बहुधा रिकाम्या गाडीचें सांगितलेलें असतें. वाडीवरच्या वाटेंतला धोंडा मात्र भरलेल्या गाडीच्या तळाशीं गांठ घालतो.

दुसरी गोष्ट, गाडी आपल्या रस्त्यानें न्यावी. अकोल्याहून राजूरकडे येतांना विठ्याचा घाट लागतो; पुढें कळसूबाईच्या पायथ्याशीं बारीचा रस्ता आहे. चढावर मध्येंच थांबवून गाडी पुन्हां सुरू करावी. ती मागें घसरते कीं जागीं धरून राहते तें पाहावें. उतारावर केवळ ब्रेकवर भार टाकला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते, म्हणून खालच्या गिअरवर उतरावें लागतें. ज्या गाडींत गिअर आपोआप बदलतात, तींत तो हातानें खालीं कसा घ्यावयाचा हें विक्रेत्याकडून समजून घेऊन स्वतः करून पाहावें. अरुंद वळणावर समोरून ऊंस भरलेली गाडी आली असतां बाजूस किती सहज घेतां येतें, पुढच्या खांबाआड वळण झांकलें जातें कीं काय, याचा अंदाज घ्यावा. अलीकडे रस्त्यावरील पांढऱ्या रेषा पाहून स्टिअरिंग सांवरणारी यंत्रणा अशा गाड्यांत असते. जेथें रेषाच नाहींत, किंवा जेथें चिखलानें गाडीचा कॅमेरा माखला आहे, तेथें तिचा उपयोग किती, हाहि प्रश्न विचारावा.

तिसरी गोष्ट, अडचणीची वेळ डोळ्यांपुढें आणावी. घाटघर-रतनवाडीकडील पावसाळा ज्यानें पाहिला आहे, त्यास दाट धुकें आणि वाहती मोरी म्हणजे काय हें सांगावयास नको. जमल्यास दिवेलागणीनंतर एक फेरी करावी व दिव्यांचा झोत वळणावर कोठें पडतो तें पाहावें. मागचें झांकण उघडून सुटें चाक आहे कीं नाहीं, असल्यास तें पूर्ण मापाचें आहे कीं तात्पुरतें बारीक, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. मोठ्या चाकांवर पातळ कांठाचे टायर दिसावयास सुरेख असतात. पण खड्ड्याचा दणका तेच आधीं खातात. दुरुस्तीचें अधिकृत ठिकाण किती लांब आहे, आणि गाडी बंद पडल्यास राजूरपर्यंत मदत किती वेळांत पोंचेल, हें तोंडीं न विचारतां लेखी मागावें. आणखी एक खबरदारी अशी कीं, जी गाडी घ्यावयाची त्याच एंजिनाची, त्याच मापाच्या चाकांची गाडी चांचणीस घ्यावी. एका बैलाला चालवून दुसरा दावणीस बांधण्यांत अर्थ नाहीं.

गाडीबरोबर हिशेबाचीहि परीक्षा व्हावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वीं २८ टक्के कर व त्यावरील अधिभार मिळून तो ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात असे. त्याच दिवसापासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर उतरला म्हणून गाडी घेण्याची घाई करणाऱ्यानें हे दोन आंकडे शेजारीं-शेजारीं मांडून पाहावे. शिवाय राज्याचा नोंदणीकर किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक पडतो, आणि विम्याच्या हिशेबांत चार वर्षें उलटून पांचवें लागलें कीं गाडी निम्म्या किंमतीची धरली जाते. बैल म्हातारा होईपर्यंत काम करून किंमत फेडतो, विहीर पाणी देते. मोटार उभ्या-उभ्या उतरते. हें जाणूनहि ती घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी, पण जाणून घ्यावी.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. परीक्षा म्हणजे नाकारण्याची मोकळीक. जेथें नाहीं म्हणतां येत नाहीं, तेथें परीक्षा होत नाहीं, नुसता सोहळा होतो. हजारों रुपये आगाऊ भरले, सोयऱ्या-धायऱ्यांस सांगितलें, नारळ-पेढ्यांची तयारी झाली, आणि मग गाडी चालवावयास बसलें, तर डोळे दोष पाहण्यास राजी होत नाहींत. तळ घासल्याचा आवाज कानांवर येतो, पण मन तो ऐकत नाहीं. म्हणून चांचणीपूर्वीं एक रुपयाहि देऊं नये. द्यावाच लागला तर तो विनाअट परत मिळेल असें लिहून घ्यावें. याचें महत्त्व कायद्याच्या बाजूनेंहि आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे दाद मागतां येते. परंतु ही दाद दोषाबद्दल असते. गाडी सर्वस्वीं निर्दोष आहे, केवळ आपल्या घाटाला अपुरी व आपल्या वडिलांना गैरसोयीची आहे, अशी तक्रार घेऊन गेल्यास कोणता आयोग ती ऐकेल? त्या चुकीवर इलाज एकच, आणि तो इसार देण्यापूर्वींचा आहे. प्रदर्शनांतून बैल न घेतां परत येणाऱ्यास कोणी हंसत नाहीं. उलट, माणूस पारखी आहे असें म्हणतात. मोटारीच्या दालनांतून रिकाम्या हातानें परत येणेंहि तितकेंच मानाचें समजलें गेलें पाहिजे.

कोणी म्हणेल, एकट्या शेतकऱ्यासाठीं नाशिकचा किंवा पुण्याचा विक्रेता गाडी विठ्याच्या घाटांत कशाला पाठवील? एकट्यासाठीं कदाचित् पाठविणार नाहीं. पण ऑक्टोबर २०१० मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेंतील मंडळींनीं एकजूट करून सुमारें ६५ कोटि रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, आणि स्टेट बँकेनें त्यांतील मोठ्या रकमेस सुमारें ७ टक्के व्याजानें कर्ज दिलें. त्या खरेदीचें कौतुकहि झालें आणि तिच्यावर टीकाहि झाली. आम्हांस तिच्यांतून एवढाच बोध घ्यावासा वाटतो कीं, एकत्र येऊन सवलत मागतां येते, तर एकत्र येऊन परीक्षाहि मागतां येईल. आपल्या संस्थेनें पुढाकार घ्यावा. ज्या सभासदांचा गाडी घेण्याचा विचार असेल त्यांचीं नांवें गोळा करावीं, दोन-तीन विक्रेत्यांस पत्रें लिहावीं, आणि पावसाळ्याच्या दिवसांत एक वार ठरवून त्यांच्या चांचणीच्या गाड्या राजुरास आणवाव्या. चालविणाऱ्याजवळ परवाना आणि गाडीचा विमा आहे याची खात्री करून प्रत्येकास घाटाची एक पुरी फेरी द्यावी. जो विक्रेता येण्यास तयार होईल त्याचा माल आपण पाहूं. जो तयार होणार नाहीं, त्यानें आपलें उत्तर दिलें असें समजूं.