अभंगातला 'दास' कोण?

वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या खालच्या मजल्यावर नगरकडच्या एक काकू राहतात. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे प्रार्थनासभा असते. परवाच्या रविवारी माझी आई गावाहून आलेली होती. संध्याकाळी खालून पेटीचा सूर आणि टाळ ऐकू आले, तशी ती म्हणाली, "कुणाकडे तरी भजन आहे वाटतं," आणि पदर सावरत खाली गेली. काकूंनी तिला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. अर्धा तास ती ठेका धरून टाळ्या देत होती. शेवटच्या चरणात 'दास' ही नाममुद्रा आली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "रामदासांचा का हो हा?"

"नाही हो, टिळकांचा," काकू म्हणाल्या. "आमच्या नारायण वामन टिळकांचा."

आईला टिळक माहीत होते. 'केवढे हे क्रौर्य' तिला शाळेपासून पाठ आहे. पारध्याने जखमी केलेली पक्षिणी, तिची पिल्लांकडे जाण्याची धडपड, हे म्हणताना तिचा आवाज अजून कापतो. पण ते टिळक आणि हा अभंग रचणारा 'दास' एकच, हे तिला वयाच्या सत्तरीत कळलं, आणि तेही शेजारणीकडून. मला याचं फार वाईट वाटलं. आपण एका कवीची वाटणी केली आहे. फुलामुलांचे टिळक पाठ्यपुस्तकाला दिले आणि भक्तीचे टिळक ख्रिस्ती उपासनेच्या पुस्तकात ठेवून दिले. मग एका अर्ध्याला दुसऱ्याची ओळखच राहिली नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावनांचं. वडील तापट, आई जानकीबाई मायाळू आणि भक्तीत रमणारी. आई लहानपणीच गेली. मुलगा घराबाहेर पडला, नाशिककडे संस्कृत शिकला, आणि पुढे नोकऱ्या धरत-सोडत गावोगाव भटकला. देव शोधायचा हट्ट मात्र सुटला नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक परदेशी प्रवासी भेटला, कवितेवर बोलणं निघालं आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. मुलाला घेऊन काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. नवऱ्याने विठ्ठलाचा धर्म सोडला आणि बायको विठ्ठलाच्याच गावी जाऊन बसली, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना अंगावर येतं.

पण टिळकांनी विठ्ठल सोडला तरी अभंग सोडला नाही. तुकारामांनी बांधलेल्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते स्वतः सांगत. हे नुसतं सौजन्याचं बोलणं नव्हतं. त्यांच्या आधीची बरीचशी मराठी ख्रिस्ती गीतं इंग्रजी चालींच्या मापाने बेतलेली होती; शब्द मराठी असले तरी ती तोंडात बसत नसत. टिळकांनी टाळ, मृदंग, कीर्तन, ओवी, अभंग हे सगळं उपासनेत आणलं. 'अभंगांजली' लिहिली. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य सुरू केलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्याशाचं जगणं पत्करलं आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. देव बदलला, पण त्याला हाक मारायची रीत आईच्या घरचीच राहिली.

आणि इथेच मला त्यांच्या निसर्गकवितेकडे यायचं आहे. आधुनिक मराठी कविता इंग्रजी कवितेच्या वाचनातून उगवली, असं आपण सर्रास शिकवतो. केशवसुतांबद्दल ते बरंचसं खरं आहे. टिळकांबद्दल मला ते पटत नाही. त्यांचं फूल वर्ड्‌स्वर्थच्या बागेतलं नाही, देवपूजेच्या परडीतलं आहे. ते फुलाशी बोलतात ते घरातल्या माणसाशी बोलावं तसं, आणि ही सवय ज्या घरात तुळशीला रोज पाणी घालतात, गाईला घास देतात, त्या घरातून येते. पक्षिणीच्या कवितेत पारध्यावरचा राग थोडा आहे, आईपणाची कणव फार आहे. लहानपणीच आईला मुकलेल्या मुलाने ती लिहिली, हे ध्यानात ठेवून वाचली की ती प्रार्थनेच्या अगदी जवळ जाते.

त्यांची सगळी भक्तिगीतं सारखी चांगली आहेत, असं मी म्हणणार नाही. प्रवचनकार पुढे झाला की कवी मागे राहतो, आणि असं बऱ्याचदा झालं आहे. पण जिथे आर्तता खरी आहे तिथे ते वारकरी कवींच्या पंगतीत बसतात.

लक्ष्मीबाईंचं धर्मशिक्षण मात्र टिळकांच्या आईच्या घरच्या भक्तीच्या अगदी उलट. वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेली जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे. असं बालपण काढलेली बाई १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते आणि मराठीतलं सर्वांत मोकळं गद्य लिहिते. याच दांपत्याच्या नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं. बालकवींनी धर्म बदलला नाही, कुणी बदलायलाही लावला नाही. फुलांकडे, झऱ्याकडे भाविकासारखं पाहणं मात्र त्या घरात टिळक आणि बालकवी दोघांचंही होतं.

हे मी वसईत बसून लिहितो आहे. रुळांच्या पश्चिमेला सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती वस्ती आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, मराठीत 'सुबोध बायबल' दिलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. टिळक जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती. पूर्वेला आमच्या इमारतींत सगळेच बाहेरून आलेले. इथे आईसारखी बाई टाळ ऐकून जिना उतरते आणि कुणी तिला जात-धर्म विचारत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आई परवा गावी परतली. जाण्याआधी काकूंकडून तो अभंग तिने आपल्या भजनाच्या वहीत उतरवून घेतला, हरिपाठ आणि गौळणींच्या पुढच्या कोऱ्या पानावर. काल रात्री तिचा फोन आला. "अरे, काकूंना तेवढं विचार," ती म्हणाली, "दुसऱ्या चरणाला आवाज चढवायचा की खालीच ठेवायचा? एकादशीला म्हणायचा आहे."