हृदय आणि मेंदू : धागा एकच



‘आमच्या घराण्यातच हार्टअटॅक आहे,’ असे आपल्या वस्तीत नेहमी ऐकू येते. ‘आजी शेवटी शेवटी पोटच्या लेकरांनाही ओळखत नव्हती,’ हेही ऐकू येते. पण ही दोन दुखणी आपण वेगवेगळी धरतो. एक छातीचे, दुसरे डोक्याचे. या दोन आजारांत नाते आहे आणि त्या नात्याचा एक भाग आईबापांकडून येणाऱ्या जनुकांत आहे, हे या आठवड्यात आम्हांला सांगायचे आहे.

आधी साधी गोष्ट पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. हा प्राणवायू रक्तातून येतो, रक्त हृदयाकडून येते आणि रक्तवाहिन्यांतून वाहते. या नळ्या आतून चरबीने अरुंद झाल्या, वाढलेल्या रक्तदाबाने कडक झाल्या, की हृदयाचे नुकसान होते तसे मेंदूचेही होते. कधी एकदम अर्धांगवायूचा झटका येतो. कधी मेंदूतल्या बारीक वाहिन्या एकेक करून बंद पडतात आणि माणसाची समज हळूहळू कमी होते. हा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. दुसरा आणि जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा आजार.

आता जनुकाची गोष्ट. आपल्या शरीरात ‘अपो-ई’ नावाचे एक प्रथिन असते. त्याचे काम हमालाचे. रक्तात आणि मेंदूत ते चरबी वाहून नेते. हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या जनुकात असते त्याच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची, एक वडिलांची. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत : ई-२, ई-३ आणि ई-४. बहुतेकांजवळ ई-३ असतो. ज्यांच्याजवळ ई-४ असतो त्यांच्या रक्तात वाईट कोलेस्टेरॉल जास्त राहण्याकडे कल असतो, म्हणून हृदयविकाराचा धोका थोडा वाढतो. १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अॅलन रोझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आले की, हाच ई-४ अल्झायमरच्या रुग्णांत फार जास्त आढळतो. मेंदूत साठणारा एक घातक गाळ ई-४ असताना नीट उपसला जात नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात. हमाल एकच, पण त्याच्या कामातली उणीव छातीलाही भोवते आणि डोक्यालाही.

आपल्या देशातही याचा अभ्यास झाला आहे. हरियाणातील बल्लभगड भागातील खेडी आणि अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाचे मोनोन्गाहेला खोरे, येथील वृद्धांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली आले. अमेरिकेतील त्या खोऱ्यात जनुकाच्या १०० प्रतींत ई-४ च्या ११ होत्या, बल्लभगडला ७. म्हणजे प्रमाण कमी. पण ज्यांच्याजवळ ई-४ होता त्यांच्या बाबतीत आजाराशी असलेले नाते दोन्हीकडे सारखेच निघाले.

मग आईला झाले म्हणून लेकीला होणारच काय? नाही. कॅडासिल नावाचा एक विरळा आजार आहे. त्याचे जनुक १९९६ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी शोधले. त्यात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, ऐन उमेदीत झटके येतात आणि पुढे स्मृती जाते. तिथे आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो. पण ई-४ तसा नाही. तो धोका वाढवतो, निकाल लावीत नाही. ई-४ असलेली कित्येक माणसे म्हातारपणी शाबूत असतात आणि नसलेल्यांनाही आजार होतो.

ब्रिटनमध्ये साठीपुढच्या १ लाख ९६ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जनुकांत धोका जास्त होता, त्यांच्यापैकी विडी-सिगारेट न ओढणारे, चालणारे-फिरणारे, बेताने खाणारे आणि दारू आवरणारे जे होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका तसे न वागणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने सांगितले की, ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणे दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि लठ्ठपणा ही हृदयाचीच शत्रू मंडळी आहेत. कमी शिक्षण हेही त्या यादीत आहे. मुलीची शाळा सातवी-आठवीत सोडवू नका, याला हेही एक कारण समजावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या १०० माणसांपैकी ७ हून अधिकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा तो आपल्या चाळीतही आहे. जेवून उठल्यावर ‘मला कोणी वाढले नाही’ म्हणणारी आजी सोंग करीत नाही. तिला बाहेरचे काही लागलेले नाही. अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांत पैसा घालवू नका. तिच्यावर ओरडू नका, पोरांना तिची टिंगल करू देऊ नका. तिला मोठ्या सरकारी इस्पितळात मेंदूविकाराच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. विसरण्याची काही कारणे, उदाहरणार्थ थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, औषधाने सुधारू शकतात.

आता घरातल्या कर्त्या माणसांसाठी. आईवडील, काका, मामा यांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार, अर्धांगवायू किंवा स्मृतिभ्रंश झाला असेल तर ते वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. जनुकांच्या महागड्या तपासणीमागे स्वतःहून धावू नका. त्याऐवजी रक्तदाब आणि साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांची ही तपासणी विनामूल्य होते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली की ‘आता बरे वाटते’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, पण आपले काम करीत असतो. विडी, तंबाखू आणि मिश्री सोडा. लोणचे, पापड, खारवलेली सुकी मासळी बेताने खा. रोज अर्धा तास पाय मोकळे करा.

आईबापांकडून आलेले जनुक आपण बदलू शकत नाही. पण चाळिशीतला रक्तदाब आपण आवरू शकतो, आणि साठीनंतरच्या आठवणीवर त्याचा परिणाम होतो. येत्या सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको दोघांनीही रक्तदाब मोजून घ्यावा, एवढीच आमची विनंती.