थेंबांचे खाते

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना पैसे साठवण्यासाठी शिकवतो. पाण्याच्या बाबतीत ती फारशी आठवत नाही. जूनमध्ये सोसायटीच्या गच्चीवरचे पाणी पाइपातून थेट गटारात जाते आणि एप्रिलमध्ये त्याच सोसायटीच्या बागेसाठी टँकर येतो. हातातली रोकड रस्त्यावर टाकायची आणि मग व्याजाने कर्ज काढायचे, असा हा व्यवहार. आयुष्यभर बँकेच्या खातेवह्या तपासलेल्या माणसाला तो खटकल्याशिवाय कसा राहील?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर १०० चौरस मीटर गच्चीवर ७० हजार लिटर पाणी पडते. त्यातले थोडे वाया गेले तरी उरते ते काही कमी नाही.

पण नुसती टाकी बसवून भागत नाही. बागेला रोज २०० लिटर लागत असेल, तर ५,००० लिटरची टाकी २५ दिवसांत रिकामी होते. सप्टेंबरअखेर भरलेल्या टाकीने ऑक्टोबरचे ऊनही निभत नाही. टाकी हे चालू खाते. मुदत ठेव जमिनीत ठेवायची असते. म्हणून टाकीवरून वाहणारे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, वाफ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि हिरवळीचा हट्ट सोडून जास्वंद, कढीपत्ता लावावा.

खरी अडचण पुढेच येते. मे महिन्यात गच्ची झाडायची कोणी? पहिल्या सरीचे घाण पाणी बाहेर सोडायचे, डास होऊ नयेत म्हणून टाकीच्या तोंडाला जाळी लावायची, ती कोणी? गच्ची सगळ्यांची, म्हणूनच ती कोणाचीच नसते. उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि दोन वर्षांत खाते बंद पडते.

कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेली पावसाच्या पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. लेणी आणि पोढी दान करणाऱ्यांपैकी काहींनी सोबत ‘अक्षयनीवी’ही दिली. म्हणजे मूळ ठेवीला हात न लावता तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या गरजा भागवायच्या. नुसते बांधून भागत नाही, पुढची तरतूदही करावी लागते, हे त्या दात्यांना उमगले होते.

तेव्हा सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत टाकीचा खर्च मंजूर कराल, तेव्हा देखभालीसाठी वेगळी रक्कमही बाजूला काढा. आणि मे महिन्यात झाडू हाती घेणाऱ्या दोन घरांची नावे त्याच इतिवृत्तात लिहून घ्या.