नाव ठेवलंत, आता थोडी नावं ठेवू द्या

टाटा मोटर्समध्ये नव्या मोटारींचं बारसं करणाऱ्या मंडळींस,

स. न. वि. वि.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांच्यात अंतर एका अनुस्वाराचं. पहिलं काम तुमचं. दुसरं आम्हा गिऱ्हाइकांचं, आणि गिऱ्हाईक चिंचवडचं असेल तर ते काम जरा मन लावूनच होतं. हल्ली तुम्ही जुनी नावं माळ्यावरून काढून नव्या गाड्यांना देऊ लागला आहात. आधी सफारी, मग सिएरा. त्यावर दोन शब्द बोलायचे आहेत, म्हणून हे पत्र. तेही चारचौघांत, कारण ही नावं आता एकट्या तुमची राहिलेली नाहीत.

सुरुवात तुमच्याच नावापासून. १९४५ साली रेल्वेची इंजिनं बांधायला निघालेली टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली. २०२५च्या ऑक्टोबरात तिची वाटणी झाली; मोटारी एका कंपनीत, ट्रक-बस दुसरीत. आमच्याकडे मात्र टेल्को रोड अजून टेल्को रोडच आहे. एके काळी 'मुलगा टेल्कोत आहे' एवढ्या वाक्यावर पत्रिका बाजूला ठेवून कांदेपोह्यांची तयारी सुरू व्हायची. नाव लोकांच्या तोंडी कसं टिकतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टाटामोबाइल या मालवाहू पिकअपच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा उभी राहिली. तीनच दारं, विजेवर खाली-वर होणाऱ्या काचा, आणि मागे छतापर्यंत वळलेली, न उघडणारी भलीमोठी काच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, पोट आवरून आत शिरायचं. व्यवहाराला ती फारशी सोयीची नव्हती, पण रस्त्याने गेली की पोरं खेळ थांबवून बघत. त्या पोरांत मीही होतो.

मग १९९४ मध्ये सुमो आली. नाव ऐकून लोकांना जपानी पैलवान आठवला, आणि गाडीही तशीच होती: चौकोनी, धिप्पाड, पाय रोवून उभी. पण ते नाव होतं सुमंत मुळगावकरांचं. 'सु' नावातला, 'मो' आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगातला. ज्यांनी पुण्यातला कारखाना उभा केला, तिथे झाडं लावली, तळं खोदून घेतलं, ते मुळगावकर १९८९ मध्ये गेले. पाच वर्षांनी तुम्ही त्यांची आठवण अशी कानोकान ठेवलीत, आणि सुमो दहा माणसं घेऊन निघाली. शेवटच्या दोन बाकड्यांवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मंडळी अष्टविनायक करून आली. वऱ्हाडं गेली. अपरात्री बाळंतिणी तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या. ईशान्य भारतात तर वाटून भाडं भरायच्या गाडीलाच 'सुमो' म्हणतात. ऐजॉलमध्ये तिकीट 'सुमो काउंटर'वर मिळतं. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. असा मान जाहिरात करून मिळत नाही.

आता नावं ठेवतो. त्या समोरासमोरच्या बाकड्यांना ना पट्टा होता, ना मान टेकायला आधार. दहा जणांची जागा केलीत, पण गाडी कुठे आदळली तर मागच्या चौघांचं काय, हा प्रश्न कागदावर आला नाही. आम्हीही विचारला नाही, हे कबूल करतो.

१९९८च्या डिसेंबरात आलेली इंडिका हा तुमचा खरा जुगार. झेनएवढा आकार, ॲम्बॅसडरसारखी ऐसपैस जागा, मारुती ८००च्या आसपासची किंमत आणि वर डिझेलचा खर्च. रतन टाटांचं हे गणित तेव्हा अनेकांना थट्टेचं वाटलं. रूप घडवायला तुरीनच्या आयडिया संस्थेची मदत घेतलीत. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून पुण्यात आणलात. पूर्ण पैसे आधी भरून लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली. मागोमाग तक्रारी आल्या, आवाजाच्या, टायर झिजण्याच्या. २०००-०१ या वर्षात कंपनीला ५०० कोटींचा तोटा झाला. त्यावर तुमचं उत्तर होतं इंडिका व्ही-टू. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या इतिहासातली सर्वांत चांगली गाडी हीच. पहिली इंडिका नव्हे, दुसरी. चूक पदरात घेऊन पुन्हा बांधलेली. पुढे हिंजवडीच्या कॉल सेंटरांनी ती इतकी पळवली की तिला पिवळी पाटी चिकटली ती चिकटलीच. घरच्या दारात उभी करायला लोक कचरू लागले.

नॅनोचं दुखणं वेगळं. पावसात स्कूटरवर जाणारं चौघांचं कुटुंब बघून सुचलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत जगाने पाहिली. मागे बसवलेलं ६२४ सीसीचं इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट. काटकसरीतली ती कारागिरी अजूनही शिकवण्याजोगी आहे. घात केला तो नावाशेजारी लागलेल्या विशेषणाने: 'सगळ्यात स्वस्त'. आपल्याकडे गाडी घेतली की हार घालतात, पेढे वाटतात. सगळ्यात स्वस्त घेतली म्हणून पेढे कोण वाटणार? रतन टाटांनीही पुढे ही चूक बोलून दाखवली. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. स्कूटरवरचं कुटुंब अजून भिजतंच आहे.

नावांबाबत तुमचं नशीब कधी फिरतं, कधी साथ देतं. छोट्या गाडीचं 'झिका' हे नाव पक्कं झालं, तर त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ आली. तुम्ही हट्ट न करता २०१६ मध्ये तिची टियागो केलीत, ते बरं झालं. आल्ट्रोझ हे नाव अल्बाट्रॉस पक्ष्यावरून सुचलं म्हणे, तेवढ्यात निभावलं. पण कर्व्हच्या शेवटी दोन 'व्ही' कशासाठी, हे विचारायला आता शाळेतल्या बाई कुठे शोधू?

याच वर्षांत तुम्ही एक काम मात्र असं केलंत की नावं ठेवायला जागा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले; भारतात बनलेल्या मोटारीला ते पहिल्यांदाच मिळत होते. मागून आल्ट्रोझ आणि पंच आल्या. २०२४ मध्ये मारुतीच्या सगळ्या गाड्यांना मागे टाकून पंच देशात सर्वाधिक खपली. 'ॲव्हरेज किती देते?' एवढंच विचारणारं गिऱ्हाईक आता 'स्टार किती?' हेही विचारू लागलं, त्यात तुमचा मोठा वाटा आहे. कुरकुर एवढीच की २०२३च्या नेक्सॉनमध्ये एसीची बरीच बटणं तुम्ही गुळगुळीत पट्टीत विरघळवून टाकलीत. खड्ड्यात गाडी उडताना त्या पट्टीवर नेमकं बोट ठेवणं म्हणजे सुईत दोरा ओवणं.

आता माळ्यावरच्या नावांकडे येतो. १९९८च्या सफारीच्या मागच्या दारावर स्टेपनी लटकायची, आणि चारही चाकांनी ओढणारी सफारी मागाल तर मिळायची. २०२०च्या ऑटो एक्स्पोत तुम्ही 'ग्रॅव्हिटास' म्हणून एक गाडी दाखवलीत आणि २०२१ मध्ये तीच सफारी म्हणून विकायला काढलीत. गाडी चांगली आहे; २०२३ मध्ये तिलाही पाच तारे मिळाले. पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. सफारी म्हणायचं आणि चिखलात शिरताना विचार करायचा! २०२५च्या नोव्हेंबरात सिएरा परतली, तिचं मला जास्त पटलं. दारं तीनाची पाच केलीत, त्यामुळे मागच्यांची पोट आवरायची कसरत संपली. ती वळलेली काच जशीच्या तशी न आणता काळ्या रंगातून नुसती सुचवलीत. आठवण ठेवलीत, अडचण टाकलीत.

माळ्यावर आता एक मोठं नाव उरलं आहे. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि आज ना उद्या त्या नावाला तुमचा हात लागणारच. लावा, पण दोन गोष्टी बघून. शेवटच्या रांगेतल्या माणसाला चालकाइतकंच राखणारी गाडी असेल, आणि गावात भाड्याने गाडी चालवणाऱ्याला तिचा हप्ता झेपेल, तरच तिला सुमो म्हणा. पाच शहरी माणसांसाठी मोठ्या पडद्याची आणखी एक गाडी काढून तिच्या पाठीवर ती दोन अक्षरं डकवू नका. सिएरा म्हणजे डोंगररांग, सफारी म्हणजे भटकंती. सुमो हा एक माणूस आहे.

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवलं, तर घरातल्या सुना त्याला त्या नावाने रागावत नाहीत; हाक मारायला दुसरंच काहीतरी शोधतात. नवी गाडी त्या नावाला पेलवणारी नसेल, तर तुम्हीही दुसरं शोधा. नाहीच सुचलं तर आमच्यावर सोडा. २००५ साली तुम्ही एका छोट्या टेम्पोला 'एस' म्हणालात आणि आम्ही 'छोटा हत्ती'. कोणतं टिकलं, ते कुठल्याही भाजी मंडईच्या दारात उभं राहून ऐका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
टेल्को रोडवरचा एक जुना रहिवासी