डांबर फासता न येणारा पुतळा

काळा घोडा असोसिएशन, मुंबई यांस खुले पत्र



तुमच्या चौकातल्या घोड्याच्या पाठीवर कोणी नाही, आणि ती रिकामीच राहावी म्हणून हे पत्र. २०१७ साली श्रीहरी भोसले यांनी घडवलेला घोडा उभा करताना तुम्ही त्यावर स्वार बसवला नाहीत. पुतळ्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या राज्यात इतका शहाणा निर्णय क्वचितच झाला असेल.

पण मुंबईत रिकाम्या जागेवर कोणाचा ना कोणाचा डोळा असतोच. आज ना उद्या एखादी कंपनी ऑगमेंटेड रिॲलिटीचं (एआर) शिल्प घेऊन तुमच्या दारी येईल. फोनचा कॅमेरा घोड्याकडे रोखा, पडद्यावर स्वार हजर. ब्राँझ नको, चौथरा नको, हेरिटेज समितीपुढे फाइल नको. तुमचा कला महोत्सव संपल्यावर उचलून न्यायलाही काही नाही. फेब्रुवारीतली गर्दी तर आयतीच. प्रस्ताव इतका निरुपद्रवी दिसेल की नाही म्हणायला कारण सापडणार नाही. मला एक सापडलं आहे, ते तुमच्यापुढे ठेवते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये स्नॅपचॅटने कलावंत जेफ कून्सची शिल्पं जगभरातल्या नामांकित जागांवर अशीच ‘उभी’ केली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा तो प्रसिद्ध फुग्याचा कुत्रा आला. प्रचंड, चकचकीत आणि फक्त स्नॅपचॅटमधून दिसणारा. बाग न्यूयॉर्ककरांची, कुत्रा कंपनीचा. काही दिवसांतच चिलीत जन्मलेल्या सेबास्टियन एराझुरिझ या कलावंताने त्या कुत्र्याची हुबेहूब प्रत बनवली, ती ग्राफिटीने भरून टाकली आणि त्याच अक्षांश-रेखांशावर ठेवून दिली. सार्वजनिक जागा फुकटात वापरणाऱ्या कंपनीने भाडं भरावं, असं त्याचं म्हणणं. बातम्यांनी या प्रकाराला विद्रूपीकरण म्हटलं. खरं तर विद्रूप काहीच झालं नव्हतं. मूळ कुत्रा स्नॅपचॅटमध्ये तसाच चमकत होता. निषेध ज्याला बघायचा त्याने वेगळं ॲप उघडायचं. एकाच जागी दोन पुतळे, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तार ऑफिसजवळ, एके काळी राणी व्हिक्टोरिया संगमरवरी छत्रीखाली बसलेली होती. मॅथ्यू नोबलने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला पुतळा. १८९६ साली दामोदर चापेकरांनी तिच्या तोंडाला डांबर फासलं. सकाळी त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला ते दिसलं, गोऱ्या साहेबाला आणि हमालालाही. डाग निघेना, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावं लागलं. सत्तेला दखल घ्यावी लागली, कारण पुतळा एकच होता आणि तो सगळ्यांचा होता. कून्सच्या कुत्र्यासाठी कोणालाही बोलवावं लागलं नाही. पुतळा ‘सार्वजनिक’ कशामुळे होतो, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

तुमच्या मूळ घोड्याचंच घ्या. अल्बर्ट ससूनने पैसे दिले, बोएमने ब्राँझमध्ये घडवला, १८७९ मध्ये अनावरण झालं. स्वार होता प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड. लोकांनी राजपुत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही, घोड्याचंच नाव घेतलं. १९६५ मध्ये पुतळा हलला, पुढे राणीच्या बागेत गेला. नाव मात्र जागेवर राहिलं. ही करामत कोणत्याही समितीची नव्हे.

तंत्राशी माझं भांडण नाही. उलट कलावंतांच्या हातात हेच तंत्र फार धीट वागलं आहे. ९ ऑक्टोबर २०१० रोजी सँडर वेनहोफ आणि मार्क स्क्वारेक यांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, संग्रहालयाला न विचारता, आख्खं एआर प्रदर्शन भरवलं. वर कधीच न बांधलेला सातवा मजलाही चढवला! पहारेकऱ्यांनी अडवायचं तरी काय? भिंतीवर खिळा नाही, जमिनीवर ओरखडा नाही. जॉन क्रेग फ्रीमन यांनी २०१२ मध्ये त्याहून गंभीर काम केलं. अमेरिका-मेक्सिको सीमेलगतच्या वाळवंटात स्थलांतरितांचे अवशेष जिथे जिथे सापडल्याची नोंद होती, तिथे तिथे त्यांनी मेक्सिकन मृतदिनाच्या परंपरेतला एकेक सांगाडा ठेवला. फोन वर केला की ओसाड माळावर एक दिसतो, दूर दुसरा, त्यापलीकडे आणखी. इतके चौथरे तिथे कोण बांधू देणार होतं, आणि कोणाच्या पैशाने? जागेचा मालक जे उभं राहू देणार नाही ते उभं करणं, ही या माध्यमाची खरी ताकद आहे. कंपनीचा चकचकीत स्वार ती ताकद नेमकी उलटी फिरवतो.

ही दोन्ही कामं लेयार नावाच्या डच ॲपवर चालत. २०१४ मध्ये ते दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि पुढे त्यातली स्थळांना बांधलेली शिल्पं विझत गेली. मेटाने १४ जानेवारी २०२५ रोजी स्पार्क हे एआरचं व्यासपीठ बाहेरच्या लोकांसाठी बंद केलं; त्यावर बनवलेली त्यांची कामं इन्स्टाग्राम-फेसबुकवरून गेली. इकडे घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये उचलताना पडून फुटला, पुढे तुकडे सांधले, आणि आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. सर्व्हर बंद झाला तर सांधायला तुकडे तरी कुठून आणणार?

जागा पक्की करण्याचाही एक घोळ आहे. जीपीएस काही मीटर चुकतं, उंच इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त. स्वार घोड्यावर न बसता शेजारच्या टॅक्सीच्या टपावर बसायचा. म्हणून फोन आता समोरच्या इमारती आधी काढलेल्या फोटोंशी ताडून पाहतो. गूगलची यंत्रणा स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोंवर चालते, आणि स्ट्रीट व्ह्यू मुंबईत जुलै २०२२ मध्ये आलं. म्हणजे तुमच्या चौकात काय नेमकं कुठे दिसावं, हे ठरवणारा नकाशाही परक्या मालकाचा.

शिवाय बघणार कोण? २०२२ मध्ये इंडिया गेटच्या छत्रीखाली नेताजींचा २८ फुटी होलोग्राम होता. तो ब्राँझचा नसला तरी नुसत्या डोळ्यांनी कोणालाही दिसायचा. एआरच्या स्वाराला चांगला फोन लागतो, डेटा लागतो, ॲप लागतं. जहांगीर कलादालनाच्या फुटपाथवर चित्रं विकणारा आणि पार्किंगच्या पावत्या फाडणारा वर्षभर त्या घोड्यासोबत असतात. त्यांच्यासाठी निदान एक मोठा पडदा चौकात लावा, भर उन्हातही दिसेल असा.

माझी मागणी साधी आहे. एकाच कंपनीचा एकच स्वार घेऊ नका. घ्यायचंच असेल तर त्याच अक्षांश-रेखांशावर, त्याच ॲपमध्ये, इतरांनाही काही ठेवता आलं पाहिजे: जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना, फुटपाथवरच्या चित्रकारांना, स्वार नकोच म्हणणाऱ्यांना, आणि त्याच्या तोंडाला डांबर फासू पाहणाऱ्यालाही. ते डांबर मूळ स्वार बघणाऱ्याच्या फोनमध्येही दिसलं पाहिजे, नाहीतर सेंट्रल पार्कचाच खेळ इथे होईल. यातून गोंधळ होईल, तक्रारी येतील, एखादा पुढारी मोर्चा आणेल. पुतळ्यांच्या बाबतीत एवढं आपल्याला नवीन नाही. शिल्पाची मूळ फाइल मात्र कंपनीच्या सर्व्हरखेरीज शहरातल्या एखाद्या कलासंस्थेकडेही ठेवून घ्या, ॲप बदललं तरी पुन्हा उघडता येईल अशा स्वरूपात.

सहभागाच्या तुमच्या अर्जात त्यासाठी एक रकाना वाढवा: ‘या शिल्पावर दुसऱ्या कोणाला काही करता येईल का? कसं?’ तो कोरा ठेवून आलेला अर्ज, प्रायोजक कितीही मोठा असला तरी, परत पाठवावा ही विनंती.

कळावे,
आपली,
महोत्सवाची एक जुनी प्रेक्षक